महोगनीची गिटार

1922 सालीं अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत, नाझरेथ नांवाच्या लहानशा गांवीं, मार्टिन कंपनीनें एक साधीशी गिटार बाजारांत आणली. कारखान्याच्या यादींत तिला 2-17 असा रुक्ष क्रमांक होता. तिच्यावर शिंपल्याचें जडावकाम नव्हतें, कीं डोळ्यांस भूल पडावी अशी नक्षी नव्हती. तिची पाठ, बाजू आणि दांडी महोगनी लाकडाची होती, यांतही फारसें नवल नव्हतें. नवल होतें तें तारांखालच्या फळीचें. आपल्याकडील सतारीचे कारागीर जिला तबली म्हणतात, ती फळीसुद्धां महोगनीचीच होती.

व्हायोलिन असो वा गिटार असो, तबली स्प्रूसची असावी, हा युरोपांतील कारागिरांचा कित्येक शतकांचा शिरस्ता. स्प्रूस हें थंड प्रदेशांतलें, आपल्या देवदाराच्या गणगोतांतलें झाड. त्याचें लाकूड पांढुरकें व हलकें, आणि त्याच्या रेषा जणू पट्टी धरून आंखलेल्या. तो शिरस्ता या तपकिरी गिटारीनें बाजूस सारला. तेव्हांपासून वादकांमध्यें दोन पक्ष पडले, ते आजही कायम आहेत. एकास तिचा स्वर गोड, गोलसर आणि मनुष्याच्या गळ्याशीं जुळणारा वाटतो. दुसऱ्यास तो दबलेला आणि अपुरा वाटतो. हा निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न म्हणून सोडून देतां येईल. परंतु गिटार घेणाऱ्यास आपले पैसे याच प्रश्नावर लावावयाचे असतात, आणि पुढें अनेक वर्षें तोच स्वर रोज ऐकावयाचा असतो. शिवाय आपण जिला आवड म्हणतों, ती कित्येकदां आपल्या आधींच्या लोकांनीं भलत्याच कारणांसाठीं घालून दिलेली संवय असते. महोगनीची हकीकत या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे.

महोगनी हें मूळचें वेस्ट इंडीज बेटांतील व मध्य अमेरिकेंतील झाड. वनस्पतिशास्त्रांत त्याचें नांव स्वीटेनिया. व्हिएन्नाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिचे राजवैद्य गेरार्ड फान स्वीटेन यांच्या स्मरणार्थ तें ठेवलेलें आहे. आपल्या वाचकांस अधिक जवळचें वाटेल असें नातें म्हणजे हें झाड कडुनिंबाच्या कुळांतलें आहे. आपल्याकडे वाद्यांच्या कामीं येणारें तुणीचें झाडही त्याच कुळांतलें. ब्रिटिश पार्लमेंटानें 1721 सालीं वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरील जकात उठविली, आणि इंग्लंडांतील श्रीमंतांच्या घरीं महोगनीचीं मेजें, खुर्च्या आणि कपाटें दिसूं लागलीं. हें लाकूड वाळलें म्हणजे फारसें वांकत नाहीं, फाटत नाहीं आणि पॉलिश केल्यावर तांबूस झळकतें. प्रथम जमैका व क्यूबा येथील जंगलें तुटलीं. मग होंडुरसच्या किनाऱ्याकडे कुऱ्हाडी वळल्या. तेथें हीं प्रचंड झाडें शोधून पाडण्याचें आणि ओंडके नदीपर्यंत ओढून नेण्याचें काम आफ्रिकेंतून आणलेल्या गुलामांकडून करवून घेतलें जात असे. लंडनच्या दिवाणखान्यांतील त्या झळाळीमागें हा इतिहास आहे. 1795 सालीं महोगनीचीं रोपें जमैकाहून कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानांत आलीं, तीं या झाडाचीं हिंदुस्थानांतील पहिलीं पावलें.

म्हणजे महोगनी हें मुळांत मेजखुर्च्यांचें लाकूड. गंमत अशी कीं, मार्टिन घराणेंही मूळचें मेजखुर्च्या करणाऱ्यांचेंच. ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन याचा जन्म 1796 सालीं सॅक्सनींतील मार्कनॉयकिर्खेन या गांवीं झाला. बाप सुतारकाम करणारा. मुलगा व्हिएन्नास श्टाउफर नांवाच्या नामांकित कारागिराकडे गिटारीचें काम शिकून आला. गांवीं मात्र व्हायोलिन करणाऱ्यांचा संघ हटून बसला: गिटार हें वाद्य आहे, आणि वाद्यें करण्याचा अधिकार सुतारांस नाहीं. सुतारांचें म्हणणें नेमकें उलट. आपल्याकडील जातिपंचायतींत शोभावा असा हा तंटा कित्येक वर्षें चालला. अखेर 1833 सालीं मार्टिन अमेरिकेस निघून गेला आणि न्यूयॉर्क येथें कांहीं वर्षें काढल्यावर नाझरेथ येथें स्थायिक झाला. तेथें त्याच्या वंशजांनीं कारखाना चालविला. पण कित्येक वर्षें त्यांच्याही गिटारीची तबली स्प्रूसचीच राहिली, आणि तारा म्हणजे आतड्याच्या ताती.

हा क्रम बदलला तो एका चिमुकल्या वाद्यानें, आणि तेंही हजारों मैल दूरच्या बेटांतून आलेल्या. 1879 सालच्या ऑगस्टमध्यें रेव्हन्सक्रॅग नांवाचें जहाज पोर्तुगालच्या मदीरा बेटांतील मजुरांस घेऊन होनोलुलू बंदरास लागलें. उतारूंमध्यें तिघे लांकूडकाम जाणणारे होते. मदीरांतील माशेते नांवाच्या चार तारांच्या वाद्यावरून त्यांनीं हवाई बेटांत जें वाद्य रूढ केलें, तीच उकुलेली. तेथील कोआ नांवाच्या तांबूस लाकडाची ती संपूर्ण बनूं लागली, तबलीसकट. 1915 सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें मोठें आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलें; तेथें हवाईचे वादक वाजवूं लागले आणि अमेरिकेंत त्या संगीताचें वेड पसरलें. या लाटेचा एक फांटा पुढें कलकत्ता-मुंबईपर्यंत पोंचला. आपल्या चित्रपटगीतांत हवाईयन गिटार ऐकूं आली आणि व्हॅन शिप्ले यांच्यासारख्यांच्या वादनानें ती घरोघर माहीत झाली.

मार्टिन कंपनीनें 1907 सालीं कांहीं उकुलेली करून पाहिल्या होत्या. त्या गिटारीच्या पद्धतीनें, स्प्रूसची तबली बसवून आणि आंतून भरपूर पट्ट्या मारून केल्या होत्या, त्या बोलेनात. पुढें 1916 च्या सुमारास हलक्या बांधणीच्या व सबंध महोगनीच्या उकुलेली निघाल्या, आणि त्या इतक्या खपल्या कीं कारखाना वाढवावा लागला. कोआशीं मिळतें-जुळतें, पण मुबलक व स्वस्त असें लाकूड हातीं आलें होतें. 1917 सालीं कंपनीनें आपल्या 18 क्रमांकाच्या गिटारीची पाठ व बाजू शिसवाऐवजीं महोगनीची केली. त्यानंतर पांच वर्षांनीं 2-17 आली. तिची बांधणी आतड्याच्या तातींऐवजीं पोलादी तारांचा ताण सोसेल अशी होती, आणि मार्टिनच्या नेहमींच्या गिटारींत हा मान प्रथम तिचाच. तेव्हां कोणा रसिकानें डोळे मिटून स्प्रूस व महोगनी यांची तुलना केली आणि महोगनीच्या गळ्यांत माळ घातली, असें मुळींच झालें नाहीं. लोकांना स्वस्त गिटार पाहिजे होती, कारखान्यांत लाकूड पडलेलें होतें, आणि उकुलेलीनें वाट दाखविली होती.

1929 सालच्या मंदीनंतर या गिटारींचें महत्त्व आणखी वाढलें. 1933 सालीं याच कारखान्यानें गायक जीन ऑट्री याच्यासाठीं शिंपल्यांनीं मढविलेली भव्य डी-45 घडविली. परंतु असलीं रत्नें घेणारे थोडे. कारखाना चालता ठेवण्यास साधीं वाद्येंही हवीं होतीं. 1940 मध्यें 15 क्रमांकाची त्याहून साधी महोगनीची गिटार आली. अशा रीतीनें "महोगनीची तबली म्हणजे गरिबाची गिटार" हें समीकरण लोकांच्या मनांत बसलें, आणि किंमतीवरून ठरलेली ती पायरी नकळत स्वरालाही चिकटली.

आतां स्वराचें पाहूं. स्पेनमधील थोर कारागीर अंतोनियो दे तोरेस यानें 1862 सालीं एक विलक्षण गिटार बांधली. तिची तबली स्प्रूसची, पण पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या. गिटार बोलते ती मुख्यतः तबलीनें, हें त्यास दाखवावयाचें होतें. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत-संग्रहालयांत आहे. जवळजवळ दीडशें वर्षांनंतर, 2018 सालीं, इंग्लंडांतील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनीं याच प्रश्नाची दुसरी बाजू तपासली. केवळ पाठीचें व बाजूंचें लाकूड वेगळें, बाकी सर्व सारखें, अशा सहा गिटारी त्यांनीं करवून घेतल्या. एकीला दुर्मिळ ब्राझिली शिसव, दुसरीला हिंदी शिसव, तिसरीला महोगनी, याप्रमाणें. 52 वादकांनीं मंद उजेडांत, वेल्डिंग करणाऱ्यांचे काळे चष्मे लावून त्या वाजविल्या. स्वराच्या प्रतीबद्दल त्यांनीं दिलेल्या मतांत फरक असा जवळजवळ निघालाच नाहीं. दुकानदार महाग शिसवाची जी महती गातात, तिचा बराचसा भाग डोळ्यांनीं ऐकलेला असतो, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

परंतु या दोन्ही प्रयोगांवरून महोगनीच्या तबलीविषयीं घाईनें निकाल देऊं नये. त्यांत पाठ बदलली होती. येथें तबलीच बदलते. स्प्रूसचें वजन घनमीटरमागें सुमारें 400 ते 450 किलो, तर महोगनीचें साधारण 550 ते 600. रेषेच्या दिशेनें दोहोंचा ताठपणा मात्र फारसा वेगळा नाहीं. म्हणजे तेवढ्याच ताठपणासाठीं महोगनीची फळी जड पडते, आणि तारेच्या तेवढ्याच जोरानें ती कमी हलते. परिणामीं आवाज थोडा लहान निघतो, वरचे उपस्वर दबतात आणि मूळ स्वर ठसठशीत उभा राहतो. वादकांचा अनुभव असा कीं, स्प्रूसच्या गिटारीवर हात जोरानें मारला तर ती आणखी मोठ्यानें बोलते. महोगनीची एका मर्यादेपुढें वाढत नाहीं.

ज्यांच्या कानाला तंबोऱ्याची संवय आहे, त्यांना हा भेद समजावयास अडचण पडूं नये. जवारी खुली ठेवली म्हणजे तारेंतून उपस्वरांचा पिसारा फुलतो. बंद केली म्हणजे स्वर गोल, आंखूड आणि नेमका होतो. तेथें कारण घोडीचें आहे, येथें लाकडाचें. पण कानाला होणारी जाणीव बरीच जवळची आहे. आणि बंद जवारी पसंत करणाऱ्या वादकास कोणी अरसिक म्हणत नाहीं.

यावरून निवड कशी करावी हें बरेंचसें उघड होतें. जो एकटा बसून बोटांनीं तारा छेडतो, किंवा हळू आवाजांत गाणाऱ्यास साथ करतो, त्यास महोगनीची गिटार सहसा मानवते. ती गळ्याच्या वर चढत नाहीं आणि प्रत्येक तार सुटी ऐकूं येते. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनाही ती याच गुणासाठीं आवडते. चारपांच वाद्यांच्या मेळ्यांत ताल धरावयाचा असेल, तर स्प्रूसच बरें. पारख करतांना दोन्ही गिटारी एकाच आकाराच्या असाव्यात, तारा सारख्याच व सारख्या नव्या असाव्यात, आणि वाजविणारा दुसरा कोणी असून ऐकणाऱ्यानें पाठ फिरवावी. लहान महोगनीची गिटार मोठ्या स्प्रूसच्या गिटारीशेजारीं ठेवून लाकडाला दोष देणें अन्यायाचें आहे. आणखी एक: महोगनीचा पातळ पापुद्रा चिकटविलेलें प्लायवूडही त्याच नांवाखालीं विकलें जातें. स्वरछिद्राची कड पाहिली म्हणजे तें कळतें. भरीव लाकडाच्या रेषा वरून आंत सरळ उतरतात, प्लायवूडचे थर वेगळे दिसतात.

मात्र जें लाकूड स्वस्त म्हणून या गिटारीला लाभलें, तें आतां स्वस्त राहिलेलें नाहीं. 2002 सालीं होंडुरस महोगनीस आंतरराष्ट्रीय व्यापारावरील निर्बंधांच्या करारांत घालण्यांत आलें, आणि 2003 च्या नोव्हेंबरपासून परवान्यावांचून ती सरहद्दीपार नेतां येईनाशी झाली. ब्राझिली शिसवाची गत त्याआधींच झाली होती. मार्टिन कंपनीनें 1969 मध्यें आपल्या हिंदी शिसवाकडे मोहरा वळविला. आपल्याकडे ज्याचे पाट आणि देव्हारे होतात, तेंच हें लाकूड. महोगनीच्या जागीं पुष्कळदां आफ्रिकेंतील सापेली वापरतात. तीही कडुनिंबाच्याच कुळांतली, दिसावयास जवळची, वजनानें कांहीशी अधिक. जाणकार म्हणविणाऱ्यांनाही ती ओळखूं येतेच असें नाहीं. खरी महोगनीही मिळते, पण ती नेहमींच मध्य अमेरिकेंतली असते असें नाहीं. फिजी बेटांत इंग्रजी अमलाच्या काळांत होंडुरस महोगनीची मोठी लागवड झाली होती. जें झाड त्या बेटांचें कधींच नव्हतें, त्याच्या फळ्या तेथून पॅसिफिक महासागर ओलांडून अमेरिकेंतील गिटारीच्या कारखान्यांत जातात.