टेन रागाज टू अ डिस्को बीट

'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही मुंबईचे वादक चरणजित सिंग यांची वाद्यसंगीताची ध्वनिमुद्रिका. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने, म्हणजे सर्वांच्या ओळखीच्या 'एचएमव्ही'ने, ती १९८२मध्ये काढली.

सिंग हिंदी चित्रपटसंगीतातले मुरलेले साजिंदे. राहुलदेव बर्मन, शंकर-जयकिशन यांच्या ध्वनिमुद्रणांत ते गिटार आणि कीबोर्ड वाजवत. 'कुर्बानी' (१९८०) हा चित्रपट आणि 'डिस्को दीवाने' (१९८१) हा अल्बम यांच्यामुळे डिस्को घरोघरी पोहोचला होता. तबला बाजूला ठेवून याच ठेक्यावर राग वाजवावेत, असे सिंग यांच्या मनात आले. त्यासाठी त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रे जोडली : तालासाठी टीआर-८०८, बेससाठी टीबी-३०३ आणि सुरावटीसाठी ज्युपिटर-८.

यांतले टीबी-३०३ खरे लक्षात राहते. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाण्याची सोय त्यात आहे, आणि मींड ऐकत वाढलेल्या कानाला ते घसरणे परके वाटत नाही. मैफल भैरवीने संपवायची आपली रीत. ही ध्वनिमुद्रिका मात्र भैरवीनेच सुरू होते. पुढे ललित, तोडी, मधुवंती, यमन, मालकंस असे एकूण दहा राग येतात. इंग्लिश संगीतकार ब्रायन ईनोच्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' या संथ, निवांत ध्वनिमुद्रिकेत (१९७८) ठेका जवळजवळ नाहीच, इथे तो क्षणभरही थांबत नाही. तरीही बेसची तीच तीच आकृती ऐकता ऐकता मन तंबोऱ्याच्या षड्जावर स्थिरावे तसे स्थिरावते.

त्या काळी ती फारशी खपली नाही.

२००२मध्ये डच संग्राहक एडो बाउमन यांना दिल्लीत तिची एक प्रत मिळाली. त्यांनी मुंबईत सिंग यांना गाठले आणि २०१०मध्ये आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या प्रकाशनसंस्थेतर्फे ती पुन्हा प्रकाशित केली. ऐकणारे थक्क झाले, कारण हा नाद त्यांच्या ओळखीचा होता. शिकागोच्या 'फ्यूचर' या गटाने याच टीबी-३०३वर 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही रचना घडवली, तिच्यातून अ‍ॅसिड हाउस हा नृत्यसंगीताचा प्रकार रूढ झाला. पण ती प्रसिद्ध झाली १९८७मध्ये, पाच वर्षांनंतर. काहींना हे सारे बनावट वाटले. काहींनी सिंग यांना अ‍ॅसिड हाउसचे जनक ठरवले. तेही पटत नाही : शिकागोच्या वादकांनी ही ध्वनिमुद्रिका ऐकली होती, याला काहीच पुरावा नाही. सिंग यांचा मार्ग स्वतंत्र होता, आणि तो रागांतून निघाला होता.

सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी युरोपात हेच राग रंगमंचावर वाजवले. जुलै २०१५मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.