कवळी आणि भूल

रोग्यास भूल देऊन शस्त्रक्रिया करण्याच्या शोधाची कथा आम्ही शिक्षक मंडळी वर्गात सांगतो, ती बहुधा १६ ऑक्टोबर १८४६ या दिवसापासून. त्या दिवशी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात डॉ. जॉन कॉलिन्स वॉरेन यांनी ईथरच्या अमलाखालील एका तरुणाच्या मानेवरील गाठ काढली. परंतु ते ईथर देणारा विल्यम मॉर्टन हा शल्यवैद्य नव्हता. तो कवळ्या बसविणारा दंतवैद्य होता. ही गोष्ट आम्ही एका शब्दात उरकतो. ती तशी उरकण्याजोगी नाही.

त्या काळी कृत्रिम दात पुष्कळदा किडक्या मुळांवरच बसवीत. खुंट उपटण्याच्या वेदना सोसण्यास कोण तयार होणार! जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ मध्ये अध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या मुखात स्वतःचा एकच दात उरला होता, आणि तो राखण्यासाठी कवळीला भोक ठेवले होते. ही कवळी लाकडी असल्याची समजूत खोटी आहे. ती पाणघोड्याच्या सुळ्यातून कोरलेली असून वर-खालचे भाग स्प्रिंगांनी जोडलेले होते. वॉशिंग्टन यांच्या १७८४ च्या हिशेबवहीत गुलामांकडून नऊ दात विकत घेतल्याची नोंद आहे, तीही येथे विसरू नये.

खुंटांवर टेकलेली कवळी हिरडीस सर्वत्र सारखी लागत नाही. ती डुलते, आणि खाली पू साचतो. मुळे निघाली, जखम भरली आणि जबड्याचे हाड काही महिन्यांत झिजून स्थिरावले, म्हणजे मग घेतलेला ठसा टिकतो. मॉर्टनला आपल्या कवळ्या अशाच स्वच्छ हिरडीवर बसवावयाच्या होत्या. पण सारी मुळे काढावी लागतील हे ऐकताच गिऱ्हाइके परत फिरत. वेदनेवर उपाय शोधण्याची निकड त्याला लागली ती या धंद्याच्या अडचणीतून.

त्याचा पूर्वीचा भागीदार होरेस वेल्स याने ११ डिसेंबर १८४४ रोजी हार्टफर्ड येथे हास्यवायू हुंगून स्वतःचाच दात काढवून घेतला होता. पुढच्याच महिन्यात बोस्टनमधील त्याच्या प्रयोगात रोगी ओरडला, प्रेक्षकांनी हुर्यो केली, आणि वेल्स खचला. १८४८ मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंगात त्याने आत्मघात केला. मॉर्टनने रसायनज्ञ चार्ल्स जॅक्सन याच्या सल्ल्याने ईथर वापरले आणि ३० सप्टेंबर १८४६ रोजी एबेन फ्रॉस्ट याचा दात वेदनेवाचून काढला. पुढील सोळा दिवसांनी वॉरेन यांची शस्त्रक्रिया झाली. मात्र मॉर्टनने ईथरला सुगंध मिसळून, ‘लीथिऑन’ असे नाव देऊन त्याचे पेटंट घेतले. वैद्यकास हे शोभणारे नव्हते, असे आमचे मत आहे. जॉर्जिया प्रांतातील क्रॉफर्ड लाँग याने तर १८४२ मध्येच ईथर वापरून गाठ काढली होती. परंतु त्याने ती हकीकत छापली १८४९ मध्ये, आणि तोवर श्रेयाचा तंटा पेटला होता.

१८५१ मध्ये नेल्सन गुडइयर याला कठीण रबराचे पेटंट मिळाले. सोन्याच्या पट्टीऐवजी या रबराची बैठक हिरडीच्या ठशावर घडविता येऊ लागली, तशी कवळी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. मुळे काढणे सुसह्य झाले होते, कवळी स्वस्त झाली होती. मग दुरुस्त करता येण्याजोगे दातही सर्रास उपटले जाऊ लागले.