नाव घेतल्याशिवाय आत नाही!

माप ओलांडायच्या आधीच नणंदेने दार अडवलेले असते. "नाव घेतल्याशिवाय आत सोडायची नाही!" नवी नवरी पदर सावरते, दोन ओळी भरभर म्हणते, नावापाशी क्षणभर अडखळते आणि एकदाचे ते घेते. करवल्या खिदळतात. आता बारामती नगरपरिषदेत आलेली जळोची असो की इंदापूर, लग्नघरात ही अडवणूक हक्काची.

दोन ओळींत नवऱ्याचे नाव गुंफणारा हा उखाणा म्हणजे मुळात कोडे. नवऱ्याचे नाव उच्चारले की त्याचे आयुष्य घटते, ही जुनी समजूत. म्हणून 'अहो', 'हे', 'धनी', 'कारभारी'. रमाबाई रानडे यांनी १९१० साली आठवणी लिहिल्या, त्यांत पती न्यायमूर्ती रानडे यांचा उल्लेख 'स्वतः' असा येतो. १९३८च्या इंग्रजी भाषांतराचे नावच 'हिमसेल्फ' ठेवले गेले. लक्ष्मीबाई टिळक मात्र 'स्मृतिचित्रे'त नवऱ्याला सरळ 'टिळक' म्हणतात. एरवी बंदी इतकी कडक, म्हणूनच चारचौघांत नाव घेण्याची मुभा गोड लागे.

नाव गुंफण्याची कला बारामतीला नवी नाही. इथे कऱ्हाकाठी राहिलेल्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) मंत्ररामायणात 'श्रीराम जयराम जयजयराम' या मंत्राची अक्षरे ओवली, तर निरोष्ठ रामायणात ओठ जुळणारे एकही अक्षर येऊ दिले नाही. पंतांपाशी पांडित्य होते. बायकांनी चांदीचे ताट, महादेवाचा बेल आणि तिळगूळ यांवर भागवले.

जपानी शोजो, म्हणजे किशोरींसाठीच्या ॲनिमेचा गोडवा मराठी प्रेक्षकाला परका वाटत नाही, तो नावाभोवतीच्या या लाजेमुळेच. २००९ साली आलेल्या 'किमी नी तोदोके'त सावाकोला सगळा वर्ग भयपटातल्या भुताच्या नावाने, 'सादाको' म्हणून ओळखतो. वर्गमित्र काझेहाया तिला खऱ्या नावाने ओळखतो, आणि गोष्ट तिथून फुलते. जपानी शाळेत एरवी आडनावानेच हाक मारतात. पहिल्या नावाची हाक म्हणजे जवळीक.

आज नवराबायको दिवसभर एकमेकांना नावानेच हाका मारतात, तरी उखाण्याच्या वेळी दोघेही लाजतात. जुन्या रीतीत विधवेला मात्र कुणी नाव घ्यायला सांगत नसे. हळदीकुंकवात तिला जागाच नव्हती. येत्या संक्रांतीला तिलाही बोलवा, आणि तिने नाव घेतले तर कौतुकाने ऐका.