फायरफॉक्स, थंडरबर्डच्या 'आतल्या' सेटिंग्ज बदलताय? आधी प्रोग्रॅम बंद करा, मग एक कॉपी काढा

'या पाच ओळी टाका आणि फायरफॉक्स दुप्पट वेगाने पळवा' अशा टिप्स वर्षानुवर्षे फिरत आहेत. पूर्वी त्या ईमेलने फॉरवर्ड व्हायच्या, आता रील्समध्ये दिसतात. त्यातली सगळ्यात गाजलेली टीप होती 'पाइपलायनिंग' सुरू करण्याची. ही सोय फायरफॉक्सने कधीच काढून टाकली, टीप मात्र जिवंत आहे. अशी जुनी टीप वापरून बहुतेकदा काहीच होत नाही. पण काही ओळी अशा असतात की ब्राउजरची सुरक्षा कमी होते, किंवा थंडरबर्ड उघडल्यावर सगळी मेल अकाउंट गायब दिसतात.

हे सगळं घडतं एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. मोझिलाचा फायरफॉक्स ब्राउजर आणि त्याच घरातला थंडरबर्ड हा मेल प्रोग्रॅम, दोघेही तुमची माहिती 'प्रोफाइल' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतात. तुम्ही बदललेली प्रत्येक सेटिंग तिथल्या 'प्रेफ्स.जेएस' या फाइलमध्ये एकेका ओळीत लिहिलेली असते. (नाव अर्थातच इंग्रजी अक्षरांत असतं.) इथे सांगितलेलं सगळं कॉम्प्युटर आणि लॅपटॉपसाठी आहे, मोबाईलसाठी नाही.

केलेला बदल गायब का होतो?

प्रोग्रॅम सुरू असताना सेटिंग्ज कॉम्प्युटरच्या मेमरीत असतात. बंद होताना तो त्या पुन्हा 'प्रेफ्स.जेएस'मध्ये लिहून ठेवतो. म्हणजे फायरफॉक्स चालू ठेवून तुम्ही नोटपॅडमध्ये ही फाइल बदललीत, तर बंद होताना तो तुमच्या बदलांवरून बोळा फिरवतो. फाइलच्या सुरुवातीलाच 'ही फाइल बदलू नका' अशी सूचना लिहिलेली असते, ती याचसाठी.

म्हणून आधी प्रोग्रॅम पूर्ण बंद करा. खिडकी बंद झाली म्हणजे प्रोग्रॅम बंद झाला असं नाही. कधीकधी तो मागे चालू राहतो. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून खात्री करता येते.

फाइल उघडायची गरज असते का?

बहुतेक वेळा नसते. फायरफॉक्सच्या अॅड्रेस बारमध्ये 'अबाउट:कॉन्फिग' टाइप केलं की त्याच सेटिंग्ज यादीच्या रूपात दिसतात. थंडरबर्डमध्ये सेटिंग्जच्या 'जनरल' पानावर अगदी तळाशी 'कॉन्फिग एडिटर' असतो. इथे बदललेली सेटिंग ठळक अक्षरांत दिसते आणि शेजारच्या बाणावर क्लिक केलं की मूळ किंमत परत येते. फाइलमध्ये हाताने बदल केला तर हा सोपा परतीचा रस्ता समोर नसतो.

पान उघडण्याआधी फायरफॉक्स धोक्याची सूचना देतो. जुन्या आवृत्त्यांमध्ये 'याने तुमची वॉरंटी रद्द होऊ शकते' असा मजेशीर इशारा यायचा. फुकटच्या सॉफ्टवेअरला कसली आलीय वॉरंटी! पण इशाऱ्यामागचा मुद्दा खरा आहे. इथे चुकीची किंमत टाकली, तर बऱ्याचदा 'नक्की का?' असं कुणी विचारत नाही.

उदाहरणच घ्यायचं तर टीएलएसचं. वेबसाइटशी होणारा संवाद कुलूपबंद ठेवणारी ही पद्धत. तिच्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या फायरफॉक्सने २०२० मध्ये बंद केल्या. एखादी जुनाट साइट उघडत नसेल तर 'किमान आवृत्तीचा आकडा कमी करा' असा सल्ला मिळतो. साइट उघडेलही, पण तो आकडा फक्त त्या साइटपुरता कमी होत नाही, सगळ्याच साइट्ससाठी होतो. प्रॉक्सीच्या ओळींचंही तसंच आहे. अनोळखी माणसाने दिलेल्या अशा ओळी टाकल्या, तर तुमचं ब्राउजिंग त्याच्या सर्व्हरमार्गे जाऊ शकतं आणि तुम्ही कोणत्या साइट्सवर जाता हे त्याला कळू शकतं.

'यूजर.जेएस' काढली तरी बदल तसाच

जाणकार लोक 'प्रेफ्स.जेएस'ऐवजी त्याच फोल्डरमध्ये 'यूजर.जेएस' नावाची वेगळी फाइल बनवतात. ती मुळात नसते, आपण तयार करायची. दर वेळी सुरू होताना प्रोग्रॅम ती वाचतो आणि त्यातल्या किमती लागू करतो. पण मेख अशी की त्या किमती पुढे 'प्रेफ्स.जेएस'मध्येही उतरतात. त्यामुळे नंतर 'यूजर.जेएस' डिलीट केली तरी बदल राहतोच. तो यादीत शोधून एकेक करून मूळ किमतीवर आणावा लागतो. दुसऱ्याची शेकडो ओळींची तयार फाइल उचलणाऱ्यांची पंचाईत होते ती इथेच.

ओळी कॉपी-पेस्ट करतानाही घोळ होतात. मोबाईलवरून किंवा वर्डमधून आलेल्या मजकुरात सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हं येतात आणि ती ओळ चालत नाही. नोटपॅड फाइलच्या नावाला गुपचूप '.टीएक्सटी' जोडतो, मग प्रोग्रॅमला ती फाइल सापडतच नाही.

थंडरबर्डमध्ये जास्त जपायला हवं

कारण इथे पणाला मेल असतात. कोणती अकाउंट आहेत आणि कुठल्या अकाउंटचे मेल कुठल्या फोल्डरमध्ये आहेत, हे 'प्रेफ्स.जेएस'मध्ये असतं. ती बिघडली तर अकाउंट दिसेनाशी होतात. घाबरून लगेच सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल करू नका. मेल सहसा प्रोफाइलमध्ये 'मेल' आणि 'आयमॅपमेल' या फोल्डरांत तसेच असतात.

त्या फोल्डरांत साधारणपणे नावांच्या जोड्या दिसतात. उदाहरणार्थ, 'इनबॉक्स' आणि 'इनबॉक्स.एमएसएफ'. 'एमएसएफ' ही नुसती अनुक्रमणिका, ती गेली तर थंडरबर्ड नवी बनवतो. पुढे काहीही एक्स्टेन्शन नसलेली 'इनबॉक्स' म्हणजे तुमचे प्रत्यक्ष मेल, सगळे एकाच फाइलमध्ये. तिला निरुपयोगी समजून डिलीट करू नका आणि नोटपॅडमध्ये उघडून सेव्हही करू नका. अकाउंट पीओपी प्रकारचं असेल तर जुने मेल सर्व्हरवरून केव्हाच निघून गेलेले असू शकतात. मग ही फाइल हीच त्यांची एकमेव प्रत.

कॉपी कशी काढायची?

फायरफॉक्समध्ये 'अबाउट:सपोर्ट' टाइप करा, थंडरबर्डमध्ये हेल्प मेनूतून 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडा. तिथल्या बटणाने प्रोफाइल फोल्डर उघडतं. मग प्रोग्रॅम बंद करून अख्खं फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. काही बिनसलं तर प्रोग्रॅम पुन्हा बंद करून जुनी 'प्रेफ्स.जेएस' जागेवर ठेवायची, एवढंच.

ही कॉपी 'जरा बघून सांग' म्हणून कुणालाही पाठवू नका. तिच्यात सेव्ह केलेले पासवर्ड आणि त्यांची चावी असे दोन्ही असतात. 'प्रायमरी पासवर्ड' लावलेला नसेल तर ते सहज वाचता येतात. फायरफॉक्सच्या फोल्डरमध्ये कुकीजही असतात, म्हणजे लॉग-इन असलेली तुमची सोशल मीडिया अकाउंटसुद्धा.

क्रोममध्ये ही भानगड फारशी नाही. त्याच्या सेटिंग फाइलमधल्या महत्त्वाच्या नोंदींवर पहारा असतो. हाताने बदललेल्या दिसल्या तर क्रोम त्या मूळ स्थितीवर नेऊ शकतो.

आणि कॉपी न काढताच फायरफॉक्स बिघडवून बसला असाल, तर 'अबाउट:सपोर्ट'च्या पानावर 'रिफ्रेश फायरफॉक्स' हे बटण आहे. बुकमार्क आणि पासवर्ड राहतात, एक्स्टेन्शन आणि बदललेल्या सेटिंग्ज जातात. जुनी माहिती डेस्कटॉपवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली जाते. सगळं नीट चालतंय याची खात्री झाल्यावर ते फोल्डर डिलीट करा, कारण पासवर्ड त्यातही असतात.