कुत्र्यांची बाग

श्रोतेहो, कुत्र्याला फिरायला नेतात हे ऐकून आपल्या खेड्यात कुणालाही हसू येईल. आपला मोत्या पहाटे धन्यामागून शेतावर जातो, दुपारी बांधावरच्या बाभळीखाली पडतो आणि रात्री खळ्यावर जागतो. त्याला कोण कशाला फिरवील? पण शहरात अंगण नाही, गायरान नाही, रस्त्यावर मोटारी. गळ्यात पट्टा आणि धन्याच्या हाती साखळी, यातच त्याचा जन्म जायचा.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात बर्कली नावाचे शहर आहे. तिथल्या ओलोनी बागेतला एक तुकडा १९७९ साली कुंपण घालून कुत्र्यांसाठी राखला गेला. आत शिरले की साखळी सोडायची. त्या देशातली ही अशी पहिलीच बाग, असे सामान्यतः मानतात. बाग मोठी शांत. मधून पायवाट, आजूबाजूला घरे. पण आकार कसा, तर धोतराच्या पट्टीसारखा लांब नि अरुंद! असा का, यातच तिचा इतिहास आहे.

या बागेच्या पोटातून आगगाडी धावते. बार्ट नावाच्या विजेच्या रेल्वेचे बेत झाले, तेव्हा बर्कलीतले काही रूळ उंच खांबांवरून न्यायचे होते. लोक म्हणाले, हे चालायचे नाही. एकीकडे गोऱ्यांची वस्ती, दुसरीकडे काळ्यांची, आणि मध्ये कायमची भिंत! मग भुयार हवे, तर जादा खर्च कोण सोसणार? १९६६ साली मतदान झाले आणि लोकांनी तो कर आपणहून अंगावर घेतला. स्वतःवर कर बसवायला मत देणारी माणसे, मंडळी, विरळाच. भुयारासाठी हर्स्ट रस्त्यालगतची घरे पाडली गेली आणि एक ओसाड पट्टी मोकळी झाली.

त्याच गावात १९६९ च्या एप्रिलात विद्यापीठाच्या पडीक जागेवर विद्यार्थी आणि शेजारीपाजारी यांनी झाडे लावली. नाव ठेवले ‘लोकांची बाग’. १५ मे रोजी पहाटे तिला कुंपण पडले. दुपारी मोर्चा निघाला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेम्स रेक्टर नावाचा तरुण छपरावर उभा होता, त्याला गोळी लागली आणि चार दिवसांनी तो गेला. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन तेव्हा राज्याचे गव्हर्नर होते. त्यांनी शहरात लष्करी शिपाई आणले.

तिथून हुसकलेली माणसे कुदळी-रोपे घेऊन रेल्वेच्या या ओसाड पट्टीवर आली. तिला ते जोडबाग म्हणत. जागा रेल्वेची, हक्क कुणाचा? दहा वर्षे ओढाताण चालली, तेव्हा कुठे १९७९ मध्ये ती रीतसर नगराची बाग झाली. नाव दिले ओलोनी. गोऱ्यांच्या आधी त्या भूमीवर नांदणाऱ्या आदिवासींचे हे नाव.

मूळ बागेभोवती मात्र जानेवारी २०२४ मध्ये विद्यापीठाने मालवाहू डबे रचून भिंत उभारली. तिथे वसतिगृह बांधायचे होते. जूनमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही विद्यापीठाला वाट मोकळी करून दिली.

ओलोनी बागेत भुयाराला हवा पुरवणारी एक चौकोनी इमारत आहे. तिच्या चारी भिंतींवर १९९५ साली चित्रकर्ती जीन लामार यांनी ओलोनी लोकांचे जीवन रंगवले. तिच्यावरून पायवाटेने लोक कुत्री घेऊन जातात. पायाखालून गाडी जाते.