पालखेड, पानिपत आणि लॅपटॉपचं वजन



आजच्या विषयाचं नाव वाचून दोघातिघांनी मला फोन केला. म्हणाले, "सर, बाजीराव आणि लॅपटॉप यांचा काय संबंध?" संबंध आहे. पण त्याआधी एक कबुली द्यायला हवी.

काही वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. चांदवडजवळ त्याची शेती आहे. मुलीला इथं नाशिकला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. कांद्याचे पैसे हातात आले होते आणि तिच्यासाठी लॅपटॉप घ्यायचा होता. तो म्हणाला, "सर, एकदाच घेणार आहे, चुकायला नको." दुकानदारानं दोन यंत्रं दाखवली होती, किंमत जवळपास सारखीच. एक सव्वा किलोचं, पातळ. दुसरं अडीच किलोचं, ताकद दुप्पट. मुलगी शेजारी बसली होती. तिला हलकं आवडलं होतं, पण ती फार बोलली नाही. मी मात्र चष्मा पुसत निकाल दिला, "अरे, त्याच पैशात जास्त ताकद मिळतेय तर कमी का घ्यायची?"

मुलगी रोज चांदवडहून एसटीनं ये-जा करायची. अडीच किलोचं यंत्र, त्याचा पाऊण किलोचा चार्जर, पुस्तकं, डबा, पाण्याची बाटली. पहिलं सत्र संपायच्या आत लॅपटॉप घरी राहायला लागला. ती कॉलेजात मोबाइलवर टिपणं काढायची आणि प्रयोगशाळेत यंत्र रिकामं व्हायची वाट पाहायची. वडिलांना सांगायचं धाडस होईना, कारण पैसे कसे आले ते तिला माहीत होतं. मला हे कळलं दोन वर्षांनी. तेव्हापासून माझ्या डोक्यात हा प्रश्न आहे: मी चुकलो तो नेमका कुठे?

आता इतिहासाकडे येऊ. हलकं की ताकदवान, हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. आपण तो एकदा जिंकलोय आणि एकदा हरलोय.

जिंकलो ते पालखेडला, १७२८ साली. आपल्याकडे दिंडोरीत पालखेड धरण आहे, त्यामुळे नाशिककरांचा हमखास गोंधळ होतो. लढाईचं पालखेड ते नव्हे. ते वैजापूरकडचं. निजाम-उल-मुल्क शाहू महाराजांच्या चौथाईला आडकाठी करत होता आणि कोल्हापूरच्या संभाजीराजांना हाताशी धरून होता. निजामाकडे उत्तम तोफखाना होता. समोरासमोर मैदानात गाठ पडली असती तर बाजीरावांचं कठीण होतं. म्हणून त्यांनी गाठ पडूच दिली नाही. १७२७ चा पावसाळा सरता सरता ते निघाले. जालन्याच्या बाजूला धुमाकूळ, मग बुऱ्हाणपूरची हूल, खानदेशातून थेट गुजरात. निजाम मागे धावून थकला आणि त्यानं पुण्याकडे मोर्चा वळवला. पुणं त्याच्या हातात गेलंही. पण बाजीराव पुणं सोडवायला आले नाहीत. ते औरंगाबादच्या रोखानं निघाले. आता आपली राजधानी वाचवायला निजामाला पळावं लागलं.

इथं नीट लक्ष द्या. पळायचं म्हटल्यावर जड तोफा घेऊन पळता येईना. त्या त्याला मागे ठेवाव्या लागल्या. म्हणजे ज्या ताकदीवर तो बलवान होता, ती ऐन वेळेला त्याच्याजवळ नव्हती. फेब्रुवारीच्या अखेरीस पालखेडच्या निर्जळ मुलखात मराठ्यांनी त्याला घेरलं, पाणी आणि रसद तोडली. ६ मार्च १७२८ ला मुंगी-शेवगावचा तह झाला. मोठी लढाई अशी झालीच नाही. फील्ड मार्शल मॉन्टगोमेरी यांनी युद्धांच्या इतिहासावर पुस्तक लिहिलं, त्यात या मोहिमेचा त्यांनी मोठा गौरव केला आहे, आणि तो मुख्यतः तिच्या हालचालीसाठी.

बाजीराव घोड्यावर बसल्या बसल्या कणसं हातावर चोळून दाणे खात असत, अशी आख्यायिका आहे. खरी-खोटी असो. लोकांनी त्या फौजेची आठवण कशी जपली ते तिच्यातून कळतं. तंबू, डेरे, मुदपाकखाना काही नाही. जे पाठीवर मावेल तेवढंच.

म्हणजे हलकं तेच बरं? थांबा. इतक्यात टाळ्या नकोत.

१७६० च्या फेब्रुवारीत उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला हरवलं, आणि त्यात मोठा वाटा होता इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याचा. कवायती पायदळ, शिस्तीत डागलेल्या तोफा. मग भाऊंना त्या तोफांचा भरवसा वाटला यात नवल काय? ते उत्तरेत निघाले ते हा तोफखाना बरोबर घेऊनच. मल्हारराव होळकर आणि सूरजमल जाट यांचं म्हणणं होतं की जड तोफा, बायकामुलं, बाजारबुणगे मागे सुरक्षित ठेवा आणि हलक्या घोडदळानं लढा. भाऊंना ते पटलं नाही. आपण आज घरात बसून भाऊंना नावं ठेवतो, ते बरोबर नाही. उत्तरेच्या सपाट मैदानात सह्याद्रीचे घाट नव्हते, अब्दालीचं घोडदळ तगडं होतं, आणि उदगीरचा अनुभव ताजा होता.

१४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर गारद्याच्या तोफांनी रोहिल्यांची दाणादाण उडवली, हेही खरं. तोफ निकामी नव्हतीच. पण त्याआधी अडीच महिने ती फौज एका जागी अडकली होती, रसद तुटली होती, माणसं आणि जनावरं उपाशी होती. आणि समोर अब्दालीकडे काय होतं? उंटाच्या पाठीवर बसवलेल्या छोट्या तोफा, जंबुरे. गोळा लहान, पण जिथं हवा तिथं पोचणारा. पानिपतच्या पराभवाची कारणं पुष्कळ आहेत, एका तोफेवर सगळं ढकलता येणार नाही. मला त्यातून एवढंच घ्यायचंय: उदगीरला जे योग्य ठरलं ते पानिपतला योग्य ठरलं नाही. तोफ तीच होती. अंतर बदललं होतं, रसदेची वाट बदलली होती.

आता संगणकाकडे येऊ. हा प्रश्न तिथंही पहिल्या दिवसापासून आहे.

१९८१ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅडम ऑस्बोर्न नावाच्या गृहस्थानं 'ऑस्बोर्न १' हा उचलून नेता येणारा संगणक बाजारात आणला. या ऑस्बोर्नचं बालपण तमिळनाडूत तिरुवण्णामलैला गेलं. वडील आर्थर ऑस्बोर्न, ज्यांनी रमण महर्षींवर पुस्तकं लिहिली. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना वडील ठाऊक असतात, तुम्हाला मुलगा ठाऊक असेल. तर त्या यंत्राचं वजन होतं सुमारे ११ किलो आणि पडदा पाच इंचांचा. बॅटरी नाहीच, भिंतीतल्या प्लगला जोडायचं. शिवणयंत्राच्या पेटीसारखं दिसायचं. किंमत १,७९५ डॉलर. त्यानंतर आलेला कॉम्पॅकचा संगणक तर १२ किलोच्याही वर होता. गंमत अशी की त्याच सुमारास एप्सन कंपनीनं 'एचएक्स-२०' आणला. वजन दीड किलोच्या आसपास, एका चार्जवर साधारण ५० तास चालणारा. पण पडद्यावर फक्त चार ओळी, एका ओळीत २० अक्षरं!

म्हणजे ४० वर्षांपूर्वी दोन्ही टोकं दुकानात होती. १९८३ मध्ये 'टीआरएस-८० मॉडेल १००' आला. आठ ओळींचा पडदा, साध्या चार पेन्सिल सेलवर सुमारे २० तास. ताकदीच्या हिशेबात तो फारच मागे होता. पण बातमीदारांनी तो डोक्यावर घेतला, कारण त्यांना जागेवरून बातमी लिहून टेलिफोनवरून पाठवायची होती. हिशेबनिसाला तो काय कामाचा? त्याला कॉम्पॅकच हवा. दोघंही शहाणे होते, कारण दोघांना आपलं काम माहीत होतं.

पुढे जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर काढून दाखवला. वजन १.३६ किलो, किंमत १,७९९ डॉलर, जवळपास ऑस्बोर्नचीच. पण त्यात सीडी घालायला जागा नव्हती आणि यूएसबीचं भोक एकच. लोक म्हणाले, हे खेळणं आहे. २०२० च्या शेवटी त्याच एअरमध्ये कंपनीची स्वतःची एम-१ चिप आली, आतला पंखाही गेला, आणि रोजची बहुतेक कामं हलक्या यंत्रावर अडेनाशी झाली. दरी अरुंद झाली. पण बुजली नाही, आणि ती का बुजत नाही हे समजून घ्या.

कारण आहे उष्णता. चिप जितकं जास्त काम करते तितकी तापते. पातळ लॅपटॉपचा प्रोसेसर बहुधा १५ वॉटच्या आसपास चालतो. जड गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून १०० वॉटच्या पुढे सहज जातात. ती उष्णता बाहेर काढायला तांब्याच्या नळ्या, मोठे पंखे, जाड पेटी लागते. वजन तिथून येतं. पातळ यंत्राला धाप लागली की ते स्वतःच वेग कमी करतं. म्हणून पेटीवर एकाच प्रोसेसरचं नाव लिहिलेली दोन यंत्रं तासभर दमवल्यावर सारखी चालत नाहीत.

पण जड यंत्रालाही त्याची गोम आहे. विमानात परवानगीशिवाय १०० वॉट-तासांपेक्षा मोठी बॅटरी नेता येत नाही, म्हणून कंपन्या त्याच्या आतच थांबतात. १०० वॉट खाणारं यंत्र त्या बॅटरीवर किती वेळ चालणार? तासभर. शिवाय प्लग काढला की त्यातली बरीच यंत्रं ताकद आखडती घेतात. म्हणजे तुम्ही पैसे मोजलेली ताकद भिंतीला बांधलेली असते. निजामाच्या तोफा आठवल्या का?

इथं कुणी म्हणेल, दोन्ही ठेवा. आपल्या ओझरच्या एचएएलमध्ये हलकं मिग-२१ बनलं, नंतर अवजड सुखोई-३० बनलं, आणि आता हलकं तेजसही बनतंय. बरोबर आहे. सरकारला दोन्ही परवडतं. कांदा विकून आलेल्या पैशात एकच येतं. म्हणून तर निवड करावी लागते.

मग मध्यम घ्यावं? दोन किलोचं, मधल्या ताकदीचं? अ‍ॅरिस्टॉटलनं याचं उत्तर देऊन ठेवलंय. दहा शेर अन्न फार झालं आणि दोन शेर कमी पडलं, म्हणून प्रत्येकाला सहा शेर वाढायचं असं नसतं. मिलो पैलवानाला ते कमी पडेल आणि आखाड्यात नुकत्याच उतरलेल्या पोराला जास्त होईल. मध्य हा आकड्यांचा नसतो, तो माणसाच्या संदर्भात काढायचा असतो.

माझी चूक तिथं झाली. मी दोन यंत्रांची तुलना केली. माणसाकडे पाहिलंच नाही. तीन गोष्टी विचारायला हव्या होत्या. एक, हे रोज कोण उचलणार आणि किती दूर? दोन, ज्या ताकदीचे पैसे देतोय ती आठवड्यातून किती तास वापरली जाईल, आणि त्या वेळी प्लग जवळ असेल का? तीन, ते जड काम दुसऱ्या कुठल्या यंत्रावर, म्हणजे कॉलेजच्या प्रयोगशाळेत किंवा इंटरनेटवरून दूरच्या संगणकावर होऊ शकतं का? त्या मुलीला प्रोग्रॅम लिहायचे होते, टिपणं काढायची होती. त्याला पुरेशी मेमरी हवी होती, आणि ती मात्र आधीच पाहून घ्यायला हवी, कारण बऱ्याच हलक्या यंत्रांत ती नंतर वाढवता येत नाही. मोठं ग्राफिक्स कार्ड तिला लागणारच नव्हतं. व्हिडिओ संपादन करणारा, इमारतींचे त्रिमितीय आराखडे काढणारा मुलगा असता आणि वसतिगृहात राहिला असता, तर माझा सल्ला बरोबर ठरला असता. आणि चौथी गोष्ट, सगळ्यात सोपी: ती समोर बसली होती. तिला विचारायला हवं होतं.

शेवटच्या वर्षी तिनं शिष्यवृत्तीच्या पैशातून एक जुना, हलका लॅपटॉप घेतला. प्रोजेक्ट तिनं त्यावरच पूर्ण केलं, बरंचसं एसटीत बसून. तो अडीच किलोचा लॅपटॉप अजून घरी आहे. धाकटा भाऊ स्थापत्यशास्त्र शिकतोय, आराखडे काढतो. टेबलावरून तो हलत नाही, आणि त्याला हलायची गरजही नाही.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. फक्त 'कुठल्या कंपनीचा घेऊ' हे मला विचारू नका, माझं सल्ला देणं आता बंद आहे.