निर्मळ पाण्यांतील गळ

मासे धरण्याच्या छंदांत विचार करण्यासारखें काय असावें, असें सुबुद्ध वाचक आम्हांस विचारतील. आमचें उत्तर एवढेंच कीं, निरीक्षणांतून नियम कसा निघतो आणि नियमाचें पुढें सोवळें कसें होतें, हें इंग्लंडांतील या छंदाच्या इतिहासांत फार स्पष्ट दिसतें.

गळाला पिसें व रेशीम बांधून कृत्रिम माशी करावयाची आणि ती ट्राउट माशापुढें अलगद टाकावयाची, ही कला जुनी आहे. १४९६ सालीं वेस्टमिन्स्टर येथें छापलेल्या एका इंग्रजी निबंधांत अशा बारा माश्यांचें वर्णन आहे. आयझाक वॉल्टनचा सुप्रसिद्ध ग्रंथ १६५३ सालीं निघाला. पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद होऊन तेव्हां चारच वर्षें झालीं होतीं. १६७६ च्या आवृत्तीस वॉल्टनचा तरुण स्नेही चार्ल्स कॉटन यानें निर्मळ प्रवाहांतील माशीच्या गळावर स्वतंत्र भाग जोडला. दोरा बारीक असावा आणि माशापासून दूर उभें राहावें, हा त्याचा उपदेश नवशिक्यास आजही पहिला धडा म्हणून पुरतो.

कारण उन्हाळ्यांत पाणी उथळ व स्वच्छ झालें म्हणजे आपणांस मासा दिसतो, तसे आपणही त्यास दिसतों. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून स्थिर राहतो. म्हणून खालच्या अंगानें, त्याच्या पाठीमागून, वांकून जावें, आणि आपली सावली पाण्यावर पडूं देऊं नये. दोऱ्याच्या ओढीनें माशी प्रवाहास सोडून वांकडी सरकली, कीं मासा फसत नाहीं.

हॅम्पशायर परगण्यांतील टेस्ट व इचेन या नद्या खडूच्या टेकड्यांतून झिरपलेल्या पाण्यावर वाहतात. त्यामुळें त्या थंड व आरशासारख्या नितळ असतात. तेथें फ्रेडरिक हॅलफर्ड यानें वर्षानुवर्षें कीटकांचा अभ्यास केला आणि १८८६ व १८८९ सालीं दोन ग्रंथ लिहिले. पृष्ठभागावर खाणारा मासा आधीं हेरावा, तो कोणता कीटक खातो तें ओळखावें, आणि तशीच तरंगणारी कोरडी माशी त्याच्या वरच्या अंगास टाकावी, हें त्याचें शास्त्र. तें खरेंही होतें. परंतु अनुयायांनीं त्याचा धर्म केला. कित्येक नद्यांवर बुडणारी माशी वापरणें म्हणजे जणूं पातक ठरलें.

इचेनच्या कांठीं बसणाऱ्या जी. ई. एम. स्क्यूज या वकिलानें मात्र पुन्हां पाण्यांतच पाहिलें. पंख फुटण्यापूर्वींचे कीटक मासे पाण्याखालींच मोठ्या प्रमाणावर खातात, असें त्यास आढळलें, आणि १९१० च्या आपल्या ग्रंथांत त्यानें तें मांडलें. वाद इतका चिघळला कीं, १९३८ सालीं लंडनमधील एका क्लबांत त्यावर जाहीर चर्चा झाली. तेव्हां स्क्यूज ऐंशीच्या घरांत होता.

आमच्या अध्यापनाच्या धंद्यांत आम्हीं कितीदां विद्यार्थ्यास 'पुस्तकांत असें नाहीं' म्हणून गप्प बसविलें, याची ही कथा वाचतांना आठवण होते आणि शरम वाटते. हॅलफर्डनें पाण्याकडे पाहूनच पुस्तक लिहिलें होतें. त्याच्या शिष्यांनीं पुस्तकाकडे पाहून पाणी पाहणें सोडलें.